शाळेच्या मैदानाबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

जून उजाडला की शाळेच्या फाटकापाशी, आठवडे बाजारात, एसटी स्टँडवर, जिथे सापडेन तिथे पालक मला गाठतात आणि तेच तेच विचारतात. गेल्या वर्षी एका लग्नात हातात अक्षता असताना ग्रेस मार्कांचा विषय निघाला, तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच काढावं. मी शाळेचा क्रीडा शिक्षक, पोरांच्या भाषेत पीटीचे सर. उत्तरं माझी आहेत. मुख्याध्यापकांनी वाचली, दोन ठिकाणी हसले, काही खोडलं मात्र नाही.

शाळा सरकारी की खासगी? खेळाची फी किती?

अनुदानित. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात, सासवडच्या अंगाला, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. पगार शासनाचा, इमारत आणि मैदान संस्थेचं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं फी नाही, मुलींना त्यापुढेही नाही. खेळाची वेगळी फी आम्ही घेत नाही. स्पर्धेला जाताना गाडीभाडं आणि जेवण याचा प्रश्न येतो, तो कधी शाळा, कधी एखादा माजी विद्यार्थी सोडवतो, आणि कधी तुमच्याकडे हात पसरावा लागतो. मुलींचा एसटीचा मोफत पास घर ते शाळा एवढाच चालतो, स्पर्धेच्या गावाला नाही. हे दरवर्षी कुणीतरी कंडक्टरशी भांडून शिकतं.

माझ्या मुलाला संघात घ्याल का? निवड चाचणी कधी?

सुरुवातीला निवडच नाही. जो येतो तो खेळतो. तालुक्याच्या स्पर्धेची तारीख लागली की त्याआधी आठ-दहा दिवस संघाची नावं काढतो, आणि त्यातही आधी हजेरी बघतो, मग वेग.

याची किंमत आम्ही मोजतो. काही शाळा पाचवीतच चपळ पोरं हेरून वेगळी काढतात, आणि अशा संघांकडून आम्ही सपाटून हरलोही आहोत. एका पालकांनी तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही धर्मशाळा चालवता." असेल. पण एक मुलगा सांगतो. सातवीत आला तेव्हा खो-खोत चौकोनातून उठताना त्याचे पाय पायांत अडकायचे. कुणी खो द्यायला तयार नसे. दीड वर्ष तो काय करायचा, तर सकाळी फक्की मारायचा आणि फडक्यानं खांब पुसायचा. खो-खोचा खांब कमरेच्या जरा वर येतो, १२० सेंटिमीटर. पळणाऱ्याला गाठायला त्या खांबाला एका हातानं धरून अंग बाहेर झोकून द्यावं लागतं, तोच खांबावरचा सूर. खांब ओला असला की हात कुठून निसटतो, धरायचं कितपत खाली, हे पुसता पुसता त्याच्या हाताला कळलं होतं. नववीत तो आमचा खांबावरचा गडी झाला. सातवीतच त्याला "तू नको" म्हटलं असतं तर हे कुणाला कळलं असतं?

सराव किती वाजता असतो?

सकाळी सात ते साडेआठ, संध्याकाळी शाळा सुटल्यावर तासभर. वाडीवरची मुलं रात्री मुक्कामाला आलेल्या एसटीनं सकाळी येतात, ती गाडी चुकली तर संध्याकाळी या. दोन्ही वेळा येण्याची सक्ती नाही, पण आठवड्यातून चार दिवस तरी हवेत.

सीताफळ, अंजिराचा तोडा असला की पोरं पहाटेच शेतात असतात, हे मला माहीत आहे. तोड्याची गैरहजेरी मी धरत नाही. फक्त आदल्या दिवशी सांगा. न सांगता चार दिवस गायब आणि पाचव्या दिवशी आईची चिठ्ठी, हे चालत नाही. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं ते मला ओळखता येतं.

पालखीच्या दिवसांत मैदान बंद का?

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते आणि दोन मुक्काम करते. त्या दिवसांत मैदान आपलं नसतं. दिंड्यांच्या राहुट्या लागतात, ट्रक उभे राहतात, वर्गांतही वारकरी झोपतात. याबद्दल कुणाची तक्रार नाही, माझी तर नाहीच. पालखी जेजुरीकडे गेली की मैदानावर चुलींचे काळे खड्डे राहतात, तीन-तीन दगड तसेच मांडलेले. मग एक दिवस सराव म्हणजे मुरूम. दगड वेचायचे, राख उचलायची, खड्ड्यात मुरूम भरून पाणी मारायचं, रोलर ओढायचा. त्या दिवशी मुलाचे कपडे मातकट होऊन आले तर "खेळायला पाठवलं होतं की रोजगार हमीवर" असा निरोप धाडू नका. खेळाडूला आपलं मैदान हातानं माहीत असलेलं बरं.

कोणकोणते खेळ आहेत?

खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि मैदानी खेळ, म्हणजे धावणं, उड्या, गोळाफेक, थाळीफेक. खो-खो सगळ्यात जुना. खेळाचे नियम बसवण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा वाटा मोठा, तेव्हा हा आपल्या जिल्ह्याचाच खेळ म्हणायला हरकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. त्या आठवड्यात आमच्याकडे पाचवीच्या मुली इतक्या आल्या की बसायला चौकोन पुरेनात. बऱ्याचशा अजून टिकून आहेत.

कबड्डीत आता पोरं चढाईला रेड आणि पकडीला टॅकल म्हणतात. टीव्हीचा परिणाम. मी चढाईच म्हणतो, त्यांना कळतं.

क्रिकेट का नाही?

मैदान एक, त्यावर खो-खोची दोन क्रीडांगणं आणि कबड्डीचं एक. क्रिकेटला अकरा मुलं अख्खं मैदान अडवतात आणि उरलेली झाडाखाली बसून टाळ्या वाजवतात. शिवाय सायन्स लॅबच्या काचा. सुट्टीत टेनिस बॉलनं खेळतात त्याला माझी ना नाही. मात्र गावोगावच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांना आठवी-नववीची पोरं दोन-दोन दिवस शाळा बुडवून नेली जातात, तिथे माझं जमत नाही.

तालुक्याच्या पुढे काय असतं?

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि राज्यातून निवडलेले खेळाडू राष्ट्रीय. गट तीन, १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आपल्याकडे दहावीपर्यंतच वर्ग, म्हणून पहिले दोन. आपण पुणे ग्रामीण. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचे संघ वेगळे असतात, त्यांची गाठ विभागात पडते. सोलापूरकडचे खो-खोचे संघही तिथेच भेटतात, आणि मग आमची पोरं परतीच्या गाडीत फार बोलत नाहीत.

कागदपत्रं कोणती? जन्मतारखेचा एवढा बाऊ का?

आधार, जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, फोटो. या तिन्ही कागदांवर नाव आणि तारीख एकसारखी हवी. एका कागदावर "ज्ञानेश्वर" आणि दुसऱ्यावर "माऊली" असेल तर मैदानावर प्रतिस्पर्धी संघ हरकत घेतो आणि त्याचं चुकत नाही.

वय १ जानेवारी धरून मोजतात. एक मुलगी ३० डिसेंबरला जन्मलेली. दोन दिवसांनी उशिरा जन्मली असती तर आणखी एक वर्ष १४ च्या गटात खेळली असती. त्याऐवजी तिला डोक्यानं उंच मुलींबरोबर १७ च्या गटात पळावं लागलं. तिची आजी मला म्हणाली, "तारीख बदलता येत नाही का हो?" आजीच्या काळी यायची. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आता तसं होत नाही, आणि करायला सांगूही नका. खोट्या वयाचा खेळाडू सापडला तर संपूर्ण संघ बाद होतो. अकरा पोरांच्या डोळ्यांत त्या दिवशी काय असतं ते मी दुसऱ्या एका शाळेच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

ग्रेस मार्क किती मिळतात?

अखेर आलाच प्रश्न. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पातळी आणि कामगिरीप्रमाणे वाढत जातात, २५ च्या पुढे जात नाहीत. तालुक्यात खेळून काही मिळत नाही, जिल्ह्यात नंबर आला की खातं उघडतं. अर्ज शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे, तिथून मंडळाकडे. मूळ प्रमाणपत्र जपून ठेवा. एका घरात ते देव्हाऱ्यामागे ठेवलं होतं आणि उंदरानं कोपरा, नेमका सहीचा, खाल्ला.

नववीच्या शेवटी येऊन "कुठलातरी खेळ द्या, मार्क मिळतील असा" म्हणणाऱ्या पालकांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा ना?

का? शालेय स्पर्धांचा मोठा भाग दिवाळीच्या आसपास उरकतो, बोर्डाची परीक्षा त्यानंतर कितीतरी दिवसांनी. सकाळी दीड तास पळून आलेलं पोर वर्गात पेंगतं हे खरं आहे, पण ते पहिले पंधरा दिवस. दहावीला खेळ सोडून दिलेल्या मुलांचा तो दीड तास अभ्यासात जातो असा तुमचा समज असेल तर एकदा सकाळी सात वाजता त्यांच्या हातातला मोबाइल बघा. क्लासची वेळ सकाळचीच असेल तर संध्याकाळी पाठवा. घरच्यांनी ठरवून बंदच केलं तर मी वाद घालत नाही, फक्त मुलाला माझ्यासमोर उभं करून "सर, यालाच नको आहे" असं वदवून घेऊ नका.

मुलींनी पाळीच्या दिवसांत यावं का?

त्यांची त्यांना ठरवू द्या. दुखत असेल तर नको, बरं वाटत असेल तर खुशाल. आमच्या बाई मैदानावर असतात, मुली त्यांना सांगतात, मला कारण सांगायची गरज नाही. वहीत फक्त "आज बसते" एवढंच लिहिलं जातं. कपाटात पॅड असतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे आणि ती लागते. कडी लागायला मात्र दोन वर्षं अर्ज करावे लागले.

ट्रॅक पँट चालते, पंजाबी ड्रेसवर ओढणी बांधून मात्र खो-खो खेळू नका. गळ्याला फास बसतो.

खायला काय द्यायचं? प्रोटीन पावडर आणू का?

आणू नका. सकाळी येण्याआधी चहा-खारी नको, केळं किंवा रात्रीची भाकरी-दूध. सराव संपला की भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडं. दुपारी शाळेत आठवीपर्यंत जेवण आहेच. पाण्याची बाटली घरून. पावडरच्या डब्यावर पैसे घालवायचे असतील तर तेवढ्यात महिनाभराची अंडी येतात.

कुस्तीसाठी मुलगा तालमीत जातो. शाळेत वेगळं काय शिकवता?

तालीम सोडू नका. वस्तादांनी मातीत जे शिकवलं ते आम्ही शिकवू शकत नाही. फरक एवढाच की यात्रेतली कुस्ती मातीवर, चितपट होईपर्यंत. शालेय कुस्ती गादीवर, गुणांवर, घड्याळावर. मातीतला पोरगा गादीवर येतो, प्रतिस्पर्ध्याला दमवत बसतो, आणि तोवर समोरचा दोनदा ताबा घेऊन गुणांवर पुढे जातो. गादीवर पाय कसा सरकतो हेही वेगळंच. म्हणून स्पर्धेआधी महिनाभर आम्ही मुलांना जवळच्या गादीच्या केंद्रावर नेतो.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेही कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीतूनच गादीवर गेलेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. शाळेत त्या दिवशी भाषणं कमी आणि कुस्त्या जास्त होतात.

एक गोष्ट ठळक सांगतो. वजनगटात बसवण्यासाठी पोराला उपाशी ठेवू नका, घोंगडी पांघरून पळवू नका. वाढीचं वय आहे. किलोभर जास्त भरलं तर वरच्या गटात लढेल, हरेल, पुढच्या वर्षी जिंकेल.

स्पाइक्स घ्यावेत का?

पहिल्या वर्षी नको. मातीवर साधे बूट पुरतात, बरीच पोरं अनवाणीच पळतात. घ्यायचेच झाले तर मला विचारून घ्या, सिंथेटिक ट्रॅकवर धावण्यासाठी खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. दुकानदाराला हे ठाऊक असेलच असं नाही.

मुलांना पहिल्यांदा म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेलं तेव्हाचं आठवतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल. पहाटे अंधारात निघालो, हडपसरच्या गर्दीत अडकलो, पोचेपर्यंत दोघांना गाडी लागली. आठशे मीटरची आमची मुलगी ट्रॅकवर आली आणि पळायचं सोडून खाली बसली. तळहातानं दाबून बघितलं, नखानं टोकरलं, मग मला म्हणाली, "सर, हे पडल्यावर खरचटतं का?" खरचटतं, मातीपेक्षा जास्त. ती पाचवी आली. घरी जाताना तिनं विचारलं की आपल्याकडे असा एवढासा, म्हणजे शंभर मीटरचाच, करता येईल का. मी उत्तर दिलेलं नाही अजून.

लागलं तर जबाबदार कोण?

मैदानावर मी. प्रथमोपचाराची पेटी आहे, बर्फ समोरच्या रसवंतीतून मिळतो. पाय मुरगळला तर बर्फ, आवळून पट्टी, पाय उंचावर, आणि तुम्हाला फोन. तेल लावून चोळू नका, पहिले दोन दिवस तर अजिबात नको. हाड मोडल्याची शंका आली तर एक्स-रे आधी, हाडवैद्य नंतरही नको. शालेय विद्यार्थ्यांसाठी शासनाची अपघात अनुदान योजना आहे, तिचा अर्ज शाळेतून होतो. दमा, फिट, हृदयाचं काही असेल तर प्रवेशाच्या वेळीच सांगा. लपवून पाठवलेलं पोर मैदानावर कोसळलं की माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली असते.

माझ्या मुलाचा एक हात अधू आहे. त्याला आणू का?

आणा. गुण लिहायला बसवायला नव्हे, खेळायला. पॅरा खेळांच्या स्पर्धा वेगळ्या असतात, त्यात दिव्यांगत्वाप्रमाणे गट पडतात, आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं ते हाताच्या दिव्यांगत्वाच्या गटात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पोहण्यात देशाला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण दिलं. आमच्याकडे गोळा आहे. तलाव नाही.

यातून पुढे नोकरी मिळते का?

काहींना. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीची मान्यताप्राप्त स्पर्धा लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून ती कडक झाली आहे. गल्लीतल्या "राष्ट्रीय" स्पर्धेचा कागद, कितीही सोनेरी असला, तिथे चालत नाही. पैसे भरून असल्या स्पर्धेला नेणारे एजंट आपल्याकडेही फिरतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

मूल खरोखर वेगळं दिसलं तर मी स्वतः घरी येतो. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत चाचण्या घेऊन मुलं घेतात, राहणं-जेवणं-शिक्षण तिथेच. पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे प्रबोधिनीतूनच पुढे आला, बालेवाडीला सराव केला आणि रेल्वेत नोकरीलाही लागला. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत लहान वयातच निवड होते. दहावी झाल्यावर विचारलंत तर दोन्हीकडे उशीर झालेला असतो.

पीटीच्या तासाला गणित घेतात, हे खरं आहे का?

होतं कधीकधी. जानेवारीनंतर जास्त. गणिताचे सर माझे मित्र आहेत, त्यांच्याकडून मी परतफेड म्हणून ऑगस्टात तास वसूल करतो.

सामना बघायला आलो तर चालेल का?

या, जरूर या. पण रेषेबाहेरून सूचना देऊ नका. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराच्या कानावर एका बाजूनं "बोनस घे", दुसऱ्या बाजूनं "माघारी ये" आणि मधून स्वतःच्या वडिलांचा "अरे ए!" पडला तर ते मध्येच थांबतं आणि पकडलं जातं. पंचांशी बोलायचं असेल तर संघाच्या वतीनं मी बोलेन. हरल्यावर गाडीत मुलाला धडे देत बसू नका, त्याला भूक लागलेली असते.

तुम्हाला कुठे भेटायचं?

फोनवर नको, मैदानावर आवाज ऐकू येत नाही. सकाळी सातच्या आधी या, वडाखाली फक्कीचा डबा असतो तिथे. पावसाची भुरभुर असली तरी आम्ही असतो. हात रिकामा असेल तर रोलरला हात लावा, तोवर बोलता येईल.